दहा दिवसांत संपलेली बाटली

काचबिंदूच्या थेंबांची पाच मिलिलीटरची बाटली किती दिवस जायला हवी, हे गणित मेडिकलमध्ये बसणाऱ्याला तोंडपाठ असतं. एका मिलिलीटरमध्ये साधारण वीस ते तीस थेंब. दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ एकेक, म्हणजे दिवसाचे चार. थोडे सांडले-लवंडले तरी पंचवीस दिवसांना मरण नाही. त्या दुपारी काकूंनी दोन चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या आणि मी कॉम्प्युटरवर आबांच्या नावाची मागची बिलं काढली, तर आधीची बाटली दहा दिवसांपूर्वीची. तिच्या आधीचीही तेवढ्याच अंतराची.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर आमचं मेडिकल आहे. मी तिथली फार्मासिस्ट. आबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, सत्तरीच्या आसपासचे. मोतीबिंदूच्या तपासणीला गेले आणि डोळ्याचं प्रेशर जास्त निघालं. काचबिंदू बहुतेकांना असाच कळतो. दुखत नाही, खुपत नाही, बाजूची नजर आधी जाते आणि समोरचं दिसतंय तोवर माणूस निवांत असतो.

दुसरी चिठ्ठी छातीच्या डॉक्टरांची, त्याच सकाळची. इनहेलरचा डोस वाढवलेला, सोबत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या. "खोकला हटंना झालाय. रातीचं बसून काढत्यात," काकू म्हणाल्या. "आन् दिवसा बसल्या जागी डुलक्या."

डुलक्या ऐकून मी थेंबांचं खोकं फिरवून बघितलं. वर कंपनीने दिलेलं सुटसुटीत नाव. खाली बारीक अक्षरांत ब्रिमोनिडीन ०.२ टक्के आणि टिमोलोल ०.५ टक्के. ब्रिमोनिडीनने झोप येते, तोंडाला कोरड पडते, ते चालण्यासारखं. माझी नजर अडकली ती टिमोलोलवर. हे बीटा ब्लॉकर. बीपीच्या मेटोप्रोलोलच्या घराण्यातलं. डोळ्यात तयार होणारं पाणी ते कमी करतं, प्रेशर उतरतं, स्वस्त आणि गुणी औषध आहे. पण दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या ते आवळतं आणि हृदयाचे ठोके मंद करतं. आता डोळ्यातला थेंब छातीत कसा जाईल, असं कुणालाही वाटेल. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रूंची बारीक नळी असते आणि ती नाकात उघडते. थेंब घातल्यावर घशाशी कडू लागतं ते तिच्यामुळेच. नाकाच्या आतली त्वचा औषध सरळ रक्तात ओढून घेते. पोटातून गेलं असतं तर आधी लिव्हरने त्याचा बराचसा निकाल लावला असता. इथे मध्ये कुणी नाही.

"आबा कुठायत?"

बाहेर पायरीवर बसले होते. आत आणून स्टुलावर बसवलं. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास घेत होते, सुईंऽ आवाज मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येत होता. कोविडमध्ये घेतलेलं ऑक्सिमीटर अजून आमच्या ड्रॉवरमध्ये असतं, ते बोटाला लावलं. ऑक्सिजन ९१. तो एवढा कमी बघून मला फार नवल वाटलं नाही, नवल वाटलं खालच्या आकड्याचं. नाडी ४४. बोट पुसून परत लावलं, मग मनगट धरून घड्याळावर मोजली. तेवढीच. दम लागलेल्या माणसाची नाडी पळायला हवी, त्यात हे इनहेलर ओढून आलेले. त्याने ती आणखी पळते.

"आबा, दमा आहे ना तुम्हाला?"

"न्हाई न्हाई. दमा आमच्यात कुणालाच न्हाई. थंडीचा खोकला हाय." हे बोलताना खिशातून निळा इनहेलर डोकावत होता.

"डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?"

"इचारलं की. न्हाई म्हणून सांगितलं."

"आणि छातीच्या डॉक्टरांना थेंबांचं सांगितलंत?"

"त्यास्नी कशाला? त्ये छातीचं, ह्ये डोळ्याचं."

थेंब कसे घालता ते टोपण न काढता करून दाखवा म्हटलं. मान मागे टाकली, बाटली वीतभर उंच धरली, तीनदा दाबल्यासारखं केलं, डोळे मिचकावले आणि गालावरून हात फिरवला. "एक नीट पडला का न्हाई कळत न्हाई. म्हणून तीन." दोन्ही डोळे, दोन वेळा, बारा थेंब. बाटलीचा हिशोब लागला.

आता खरा पेच. थेंब बंद करा, असं मी माझ्या मनाने म्हणू शकत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि "मेडिकलवालीनं सांगितलं" म्हणून थेंब सोडून महिनोन्महिने घरी बसलेले लोक मी पाहिलेत. पण संध्याकाळचा डोस समोर दिसत होता. नेत्रतज्ज्ञांना फोन लावला, ते ऑपरेशनला उभे. सिस्टरना म्हटलं, टिमोलोलचा पेशंट आहे, धाप लागलीय, नाडी ४४, एवढं आत जाऊन सांगा. छातीच्या डॉक्टरांचा फोन एंगेज. त्यातच एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं. मुलाचा कान दुखतोय, घरात कानाचेही थेंब आहेत आणि डोळ्यांचेही, कुठलेही घातले तर चालतील ना? डोळ्याचे काही थेंब डॉक्टर कधीकधी कानासाठी लिहून देतात, पण कानाचे थेंब डोळ्यात चुकूनही घालायचे नाहीत. मळ सुटायचे असतील तर डोळा भाजून निघतो. आणि कानाचा पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारख्या थेंबाने ऐकूच यायचं कमी होऊ शकतं, त्यामुळे आधी कान दाखवा. एवढं एका दमात बोलले आणि फोन वाजला.

छातीचे डॉक्टर. मी सांगितलं. क्षणभर काहीच आवाज नाही, मग, "टिमोलोल? नक्की?"

"खोकं हातात आहे, सर."

"प्रेडनिसोलोन आत्ता देऊ नका. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला पाठवा, ईसीजी काढू."

पुतण्याची रिक्षा स्टँडवरच होती. आबांना त्यात बसवलं तोवर नेत्रतज्ज्ञांचाही फोन आला. त्यांनी केसपेपर काढून वाचून दाखवला, "दमा नाही" असं त्यात लिहिलेलं होतं. टिमोलोल आजपासून बंद, रात्री झोपताना लॅटानोप्रोस्टचा एकच थेंब, दोन दिवसांत प्रेशर तपासायला आणा. चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवली. डोळे थेंबांविना ठेवायचे नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं, आणि ते मला बरं वाटलं.

काकूंना मी थांबवून घेतलं. ही नवी बाटली उघडेपर्यंत फ्रिजमध्ये, दारात नाही, आत. खालची पापणी ओढून खिसा करायचा, त्यात एक थेंब. डोळ्यात मुळात एका थेंबाएवढीसुद्धा जागा नसते, दुसरा टाकला की तो गालावर तरी जाणार नाहीतर नाकात. मग डोळा मिटून नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. काकूंनी स्वतःच्या डोळ्यावर करून बघितलं. बोट आधी नाकाच्या हाडावर ठेवलं होतं, ते मी पकडून बरोबर कोपऱ्यात नेलं.

आबा दोन रात्री हॉस्पिटलमध्ये होते. ईसीजीत झटका वगैरे काही निघालं नाही, ठोके मात्र मंद. तिसऱ्या दिवशी नाडी साठीच्या वर गेली होती. पुढे इनहेलरचा वाढवलेला डोस डॉक्टरांनी खाली आणला. दम पूर्ण गेलेला नाही, जाणारही नाही, चाळीस वर्षांची बिडी आहे. डोळ्याचं प्रेशर १६ आणि १७ भरलं, म्हणजे आटोक्यात.

थेंब आता काकूच घालतात. परवा नवीन बाटली न्यायला आल्या. बिलाची तारीख बघितली, बरोबर महिना झाला होता. पैसे मोजून देताना हळूच म्हणाल्या, "ताई, यांच्या पापण्या लांब व्हायला लागल्यात. त्यानं काय होतं का?"

म्हटलं, होतं तसं या थेंबाने, काळजीचं काही नाही.

"काळजी न्हाई ओ," काकू म्हणाल्या, "आरशाफुडनं हलंनात."