नवे बॉक्स, धानाचं गोदाम आणि खालचा जी

यंदा धान विकल्यावर नऊ वर्षं मनात असलेली गोष्ट केली. बास गिटारसाठी दोन नवे बॉक्स घेतले. प्रत्येकात 10 इंची दोन स्पीकर, प्रत्येक बॉक्स 8 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध). दोन्ही समांतर जोडले की 4 ओहम होतात आणि माझं हेड, म्हणजे बॉक्सला आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, तेव्हाच पूर्ण ताकद देतं. इतकी वर्षं एकाच 8 ओहमच्या बॉक्सवर ते अर्धपोटी चालत होतं.

जुना बॉक्स गावच्या सुताराने केलेला, 15 इंची स्पीकरचा. त्यावरच मी भीमगीतं वाजवायला शिकलो. त्यामुळे नवे बॉक्स पहिल्यांदा लावले तेव्हा जीव खट्टू झाला. आवाज कोरडा, टणक. खालचा भरणा गेलाच कुठे? बासचा नॉब पार उजवीकडे फिरवला, तर गोदामाची टिनं झणझणायला लागली, पण समाधान होईना.

आमची तालीम ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात, काकाजींच्या धानाच्या गोदामात होते. काकाजी ढोलकी वाजवतात. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बापू, तुझा आवाज माह्या बायात घुसते. माहा धुम कोणता अन् तुझा कोणता, समजतच नाही." बाया म्हणजे ढोलकीची खर्जाची बाजू.

त्या रात्री एकटाच बसून सगळे नॉब मधोमध आणले आणि एकेक स्वर सावकाश वाजवला. सगळ्यात जाड ई तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झचा. जुन्या बॉक्समधून तो जेमतेम निघायचा. त्याच्या दुप्पट, 82च्या आसपास बॉक्सच घुमायचा आणि मी त्या घुमण्यालाच बास समजत आलो होतो. नव्या बॉक्सने ती घूम काढून घेतली. उरली माझी बोटं. मधल्या बोटाचा ठोका तर्जनीपेक्षा जड पडतो, ए तारेवरून डी तारेवर जाताना मागचा स्वर उगाच लोंबतो, हे सगळं उघडं पडलं. पुढचे आठ दिवस मी नॉबला हात लावला नाही, फक्त दोन बोटं सारखी करत बसलो.

मग फेब्रुवारीत धानाचे कट्टे, म्हणजे पोती, राईस मिलला गेले, गोदाम रिकामं झालं आणि पुन्हा घोळ. खालचा जी, म्हणजे ई तारेचा तिसरा पडदा, माझ्या जागेवर ऐकूच येईना. शेजारचे स्वर ठणठणीत, हाच नेमका गायब. लांब केबल लावून तोच स्वर वाजवत चालत गेलो. भिंतीला पाठ टेकली तर पोटात घुमेल इतका मोठा, सहा फूट पुढे आलो की मेला. गोदामाच्या मधोमध पुन्हा जिवंत. जी 49 हर्ट्झचा, त्याची एक लहर सुमारे 7 मीटरची, आणि टेपने मोजली तर गोदामाची रुंदी 23 फूट. म्हणजे तेवढीच. भिंतींवरून परतलेली लहर सहा फुटांवर स्वतःलाच खोडत होती, आणि नेमका तिथेच मी रोज उभा राहायचो. ते दुखणं नॉबने बरं होणारं नव्हतं. मी जागा बदलली.

बॉक्सही आता एकावर एक उभे ठेवतो. वरचा कानाच्या जवळ येतो, त्यामुळे स्वतःला ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही. बासचा नॉब मधल्या खुणेच्या थोडा खाली आणि मिडचा, म्हणजे मधल्या पट्टीचा, साधारण 500 हर्ट्झपाशी, थोडा वर. एकटं वाजवताना हा आवाज रुक्ष वाटतो. ढोलकी सुरू झाली की नीट बसतो. बॉक्समधला ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, मी बंदच ठेवतो, गायकाच्या आवाजात ती किरकिर मला नको.

14 एप्रिलला शेजारच्या गावात कार्यक्रम होता. उघड्यावर, चौकात. तिथे आवाज परतवायला चार भिंती नाहीत, त्यामुळे गोदामातला बास विरून गेला. मंडपवाल्या पोरांना सांगून दोन्ही बॉक्स विहाराच्या भिंतीला सरकवले, तसा खालचा भरणा परत आला. नॉब पाव घरसुद्धा हलवला नाही.

दुसऱ्या गाण्यानंतर काकाजींनी ढोलकी कसता कसता माझ्याकडे पाहिलं. "आता येऊन राह्यला वेगळा," म्हणाले, आणि पुढच्या गाण्याचा ठेका धरला.