सी ड्राइव्हचा मेळ: हरवलेल्या 23 जीबीचा शोध

लातूरला आमच्या घरी विंडोज 7 चा एक जुना डेस्कटॉप अजून चालू आहे. या प्रणालीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला, हे मला ठाऊक आहे; परंतु दादांच्या आडतीच्या पट्ट्या ज्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात, त्याचे नव्या यंत्राशी काही केल्या जमले नाही. गेल्या महिन्यापासून या यंत्राच्या 100 जीबीच्या सी ड्राइव्हवरील मोकळी जागा, कोणी काहीही नवे साठवलेले नसताना, घटत गेली आणि शनिवारी ती 6 जीबीवर आली.

रविवारी हिशेब मांडला. सी ड्राइव्हमधील सगळे फोल्डर निवडून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर बेरीज 52 जीबी आली. वापर मात्र 94 जीबी दिसत होता. ज्या फोल्डरमध्ये शिरण्याची परवानगी नाही, ते एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजमध्ये फोल्डर दाखवणारा प्रोग्राम, मोजत नाही आणि निवडीत न आलेल्या लपवलेल्या फायलीही त्यातून सुटतात. उलट विंडोजचे घटक साठवणाऱ्या विनएसएक्सएस फोल्डरमधील हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकाच फाइलला असलेल्या अनेक नावांमुळे, एकच फाइल तो दोनदाही मोजतो, त्यामुळे ही बेरीज अंदाजापुरतीच धरावी. फरक 42 जीबीचा होता. रॅम 8 जीबी असल्याने पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) 8 जीबीची आणि रॅमच्या 75 टक्के आकाराची हायबरफिल (हायबरनेशनमध्ये उघडे काम डिस्कवर जपून यंत्र बंद होते, त्यासाठीची फाइल) 6 जीबीची निघाली. व्हीएसएसअ‍ॅडमिन या विंडोजच्या कमांडने रिस्टोर पॉइंटचे, म्हणजे यंत्र आधीच्या स्थितीत नेण्यासाठी जपलेल्या प्रतींचे, 5 जीबी दाखवले. हायबरनेशन बंद करून 6 जीबी लगेच सोडवता आले असते. पण वीज गेल्यावर आमचा यूपीएस जेमतेम दहा मिनिटे तग धरतो आणि दादा अर्धवट पट्टी टाकून उठत नाहीत, म्हणून तो विचार सोडून दिला. तरीही 23 जीबींचा मेळ लागेना.

सोमवारी विझट्री हा डिस्कवरील जागा मोजणारा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले. हे साधन एकेक फोल्डर न उघडता डिस्कवरील सर्व फायलींची सूची, म्हणजे एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेची मुख्य फाइल सारणीच वाचते, त्यामुळे काही सेकंदांत उत्तर मिळाले: विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये 'कॅब_2384_2' अशा धाटणीच्या नावांच्या, प्रत्येकी शंभर एमबींच्या आसपास, दोनशेहून अधिक फायली पडून होत्या. त्या पुसल्या, 23 जीबी मोकळे झाले आणि मी दादांना मोठ्या तोऱ्यात काम झाल्याचे सांगितले.

मंगळवारी संध्याकाळी त्यांतले 4 जीबी पुन्हा गेलेले होते.

या वेळी फायली न पुसता टास्क मॅनेजर उघडून बसलो. सुमारे अर्ध्या तासाने यादीत मेककॅब ही, फायली आवळून कॅब फाइल बनवणारी, प्रक्रिया उमटली, काही वेळ चालली आणि नाहीशी झाली. टेम्पमध्ये एक नवी कॅब फाइल मागे राहिली. विंडोज आपल्या घटकांची नोंद सीबीएस लॉग या नोंदवहीसारख्या फाइलमध्ये ठेवते, तो वाढला की त्याला सीबीएसपर्सिस्ट असे नाव देते आणि मेककॅबकडून आवळून घेते. मात्र 2 जीबींपेक्षा मोठी फाइल मेककॅबला पेलत नाही. ते अर्ध्यावर बंद पडते, अर्धवट कॅब टेम्पमध्ये टाकून जाते आणि काही वेळाने तोच लॉग घेऊन पुन्हा कामाला लागते. आमचा लॉग 2 जीबींच्या किंचित पुढे गेलेला होता. सोमवारी मी केर काढला होता, गळके छप्पर तसेच होते.

बुधवारी विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर ही सेवा थांबवली, लॉग्जच्या सीबीएस फोल्डरमधील तो अवाढव्य लॉग पुसला, टेम्पमधील कॅब फायली काढल्या आणि यंत्र पुन्हा सुरू केले. मोकळी जागा 31 जीबी झाली.

त्याला आज अकरा दिवस झाले, आकडा 31 वरून हललेला नाही. टेम्पमध्ये सात किरकोळ फायली आहेत, सगळ्या मिळून 3 एमबींच्या. त्यांत कॅब एकही नाही.