असू दे, लागेल

साध्या सायकलवर लांबच्या सफरीला निघायचो तेव्हा सामानाचा हिशेब माझे गुडघे ठेवायचे. पहिल्याच चढावर विचारायचे, "दुसरा स्वेटर कशाला घेतलास?" पुढच्या खेपेला स्वेटर मुकाट्याने घरी राहायचा. मग इलेक्ट्रिक सायकल आली आणि गुडघे गप्पच झाले. पॅडलवर जरा जोर दिला की मोटर ढकलते म्हटल्यावर ते कशाला तोंड उघडतील?

तेव्हापासून घरात "असू दे, लागेल" सुरू झालं. दुसरे बूट, असू देत. छत्री असू दे, रेनकोट आहे तरीही. आणि एक जाडजूड पुस्तक, जे आजवर चार सफरी करून आलंय.

कॅरियरवर बारीक अक्षरांत 25 किलो अशी मर्यादा लिहिलेली होती. ती मी सगळं बांधून झाल्यावर वाचली. काट्यावर सामान भरलं 27. आणि सायकलच मुळात 24 किलोची! पहिल्या सफरीत तंबू, सॅक, अंथरूण असं सगळं एकावर एक रचून दोरीने आवळलं होतं. उतारावर वेग आला तसं हँडल थरथरायला लागलं, आणि मागचा डोलारा आपल्याच तालात डुलू लागला. ब्रेकही भीतभीतच दाबले.

मग दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या घेतल्या. जड वस्तू तळाशी, डावं-उजवं वजन सारखं. हे छान जमलं, पण पॅडल मारताना दर फेरीला टाच पिशवीवर टप्पकन आपटायची. पिशव्या मागे सरकवल्या, तर चढावर पुढचं चाक हलकं लागायला लागलं. बोटभर पुढे, बोटभर मागे करत अर्धी सकाळ गेली. माझी मोटर मागच्याच चाकात आहे, म्हणजे त्या बिचाऱ्या चाकावर मी, मोटर आणि माझं "लागेल" असं सगळंच. दोन स्पोक तुटले तेव्हा चाक काढण्याआधी सगळ्या पिशव्या उतरवून मोटरची वायर सोडवावी लागली. रस्त्याकडेला मांडलेला तो संसार पाहून माझी मलाच लाज वाटली.

तरी मी कागदावर हिशेब करून स्वतःची समजूत घातली होती. 10 किलो जादा सामान 1000 मीटर उंच चढवायला लागतात जेमतेम 27 वॉट-अवर. मोटरमधली गळती धरली तरी चाळिसाच्या आत. बॅटरी 500ची. म्हणजे पुस्तक काय, कपाटच न्यावं! फक्त या हिशेबात वारा धरायचा राहिला. सपाट रस्त्यावर वजनापेक्षा सामानाची रुंदी नडते. अंथरुणाची वळकटी मी कॅरियरवर आडवी बांधली होती, आणि दुपारनंतर समोरून वारा सुटला. एकही चढ नसताना बॅटरीच्या रेघा पटापट विझत गेल्या. जादा बॅटरी आणायला हवी होती, असंही मनात आलं. तिचं वजन तीनेक किलो. ओझं ओढायला आणखी एक ओझं!

शेवटचे सहा किलोमीटर मोटर बंद. बंद मोटरची लादलेली सायकल म्हणजे रुसलेली म्हैस. सायकल हातात धरून चालताना हळूहळू ढकलणारं एक बटण असतं, पण त्यालाही बॅटरीच लागते.

मुक्कामाची खोली दुसऱ्या मजल्यावर निघाली. पहिल्या फेरीत बॅटरी आणि चार्जर वर नेला, कारण उद्याची भिस्त त्यांच्यावर. दुसऱ्या फेरीत पिशव्या. तिसऱ्या फेरीला हातात उरले दुसरे बूट, छत्री आणि ते पुस्तक. मधल्या वळणावर क्षणभर टेकलो, तेव्हा गुडघे कित्येक महिन्यांनी बोलले.

"कितव्या पानावर आलास?"