सॉरी म्हण आधी

दुपारी दाढ ठणकत होती म्हणून गाल उशीत खुपसून सोफ्यावर पडले होते, डोळे मिटलेले, मधूनच कण्हत. ताईची धाकटी, अजून दोन वर्षांचीही नाही, खेळता खेळता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. चेहरा हळूहळू वाकडा व्हायला लागला, म्हटलं आता ही पण भोकाड पसरणार. तर नाही, तुरुतुरु आत गेली आणि आपला ससा घेऊन आली. ससा म्हणजे एके काळी ससा होता, आता एक कान तुटलाय आणि दुसरा सतत तिच्या तोंडात असल्यामुळे कायम ओला. तो ओला कान तिने माझ्या गालावर दाबला. दुखऱ्या नव्हे, दुसऱ्याच.

दाढेला काडीचा फरक पडला नाही.

पण हा ससा ती कोणाला हात लावू देत नाही हो, दादाने नुसता उचलला तरी घर डोक्यावर घेते, आणि तो तिने मला दिला! तिच्या हिशोबात जगात दुखण्यावर एकच औषध आहे आणि ते तिच्याकडे आहे. (थोड्या वेळाने काढून घेऊन गेली, ते सोडा. तिलाही लागतोच ना.)

मार्टिन हॉफमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या एका पोराबद्दल लिहिलंय, मित्र रडतोय बघून तो गेला आणि स्वतःच्या आईला घेऊन आला, मित्राची आई तिथेच असताना. वाचून हसू येतं, पण मग मला आमच्या नात्यातली ती मंडळी आठवतात ज्यांना स्वतःला गप्पांनी बरं वाटतं म्हणून ती आजारी माणसाच्या उशाशी बसून तासन्‌तास बोलतात, आणि तो बिचारा डोळे मिटून कधी जाताय याची वाट बघतो. ससाच तो. फक्त आकाराने मोठा.

समोरच्याला आपल्यापेक्षा वेगळं काही हवं असू शकतं हे पोरांना कधी कळतं, यावर एक मजेशीर प्रयोग आहे. १९९७ साली बेटी रेपाचोली आणि ॲलिसन गोपनिक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी केलेला. मुलांपुढे दोन वाट्या, एकीत खुसखुशीत बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. अर्थात जवळजवळ सगळी पोरं बिस्किटांवर. मग प्रयोग करणारी बाई त्यांच्यासमोर ब्रोकोली खाऊन वा वा करते, बिस्किट खाऊन तोंड वेंगाडते, आणि हात पुढे करून म्हणते, मला दे. चौदा महिन्यांची पोरं बिस्किट देतात, बाई एवढं तोंड वाकडं करून दाखवतेय तरी. अठरा महिन्यांची बहुतेक ब्रोकोली देतात. मधे फक्त चार महिने! मला नेहमी वाटतं की ब्रोकोली देताना त्या पोरांच्या मनात काय आलं असेल, बाईचं काही खरं नाही, पण आवडते तर खाऊ दे बापडी.

मी स्वतः लहानपणी कशी होते हे मला कोण सांगणार, आमच्या घरात मी हट्टी होते एवढंच सगळ्यांच्या लक्षात आहे. एक प्रसंग मात्र अजून सांगतात. मी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले, कपाळाला टेंगूळ, रडारड. आजीने सगळ्या आज्या करतात तेच केलं, टेबलाला दोन धपाटे घातले, आमच्या बाळाला मारतोस काय रे. मी क्षणभर गप्प, आणि मग दुप्पट जोराने सुरू. आधी कोणाला कळेना, आजीला वाटलं फारच लागलंय. खूप वेळाने उलगडा झाला की मी टेबलासाठी रडत होते. त्याला का मारलंस. त्याच्या कोपऱ्याला मलम लावून दिलं तेव्हा गप्प बसले म्हणे, आणि मलमाचा तो तेलकट डाग त्या लाकडावर पुढे कितीतरी वर्षं होता, तो मात्र मी डोळ्यांनी पाहिलाय. आता यात माझं काही थोर मन वगैरे नव्हतं, त्या वयात खुर्ची, टेबल, चमचा सगळ्यांनाच लागतं. पण आपण मोठी माणसं काय गंमत करतो बघा, आधी टेबलावर सूड घ्यायला शिकवतो आणि दोन वर्षांनी त्याच पोराने दुसऱ्याला धपाटा घातला की आ वासतो, हे कुठून शिकला हा!

दया येणं बहुधा शिकवावं लागत नसावं. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना दुसऱ्या बाळाच्या रडण्याची टेप ऐकवली तर ती रडायला लागतात, आणि स्वतःच्याच रडण्याची ऐकवली तर तेवढं नाही, १९८२ सालचा हा प्रयोग आहे. तेवढं भांडवल घेऊनच येतात. पुढचं अवघड, समोरच्याच्या डोक्यात शिरणं. ताईचा थोरला आता पाच वर्षांचा आहे, तो लहान असताना लपाछपीत पडद्यामागे डोकं घालून उभा राहायचा, पाय सगळे बाहेर, आणि आतून ओरडायचा शोध मला. त्याला आपण दिसत नाही म्हणजे आपल्याला तो दिसत नाही. फोनवर "हो" म्हणायच्या ऐवजी नुसती मान हलवायचा, पलीकडे आजी हॅलो हॅलो करतेय. मग साधारण चौथं वर्ष लागलं आणि एक दिवस पाय आत गेले.

सगळ्यांना आनंद. आणि त्याच सुमारास हा खोटं बोलायला लागला.

कारण वाट एकच आहे ना. तुला काय माहितीये आणि काय नाही हे मला कळलं, की मी तुझी समजूतही काढू शकतो आणि तुला फसवूही शकतो. धाकटीला काय केलं की ती शांत होते हे याला घरात सगळ्यात चांगलं माहिती आहे, आणि म्हणूनच तिला रडवावं कसं हेही यालाच सगळ्यात चांगलं जमतं. ससा लपवतो. दुसरं काही नाही, बरोबर ससाच. ताई म्हणते याला दुसऱ्याचं काही कळतच नाही. अगं, कळतंय म्हणून तर!

आणि मग ते "सॉरी म्हण". या एका गोष्टीने माझं डोकं उठतं. पोरगं रडतंय, दुसरं भिंतीला चिकटून उभं, आणि मोठं माणूस त्याच्या डोक्यावर, सॉरी म्हण आधी, नीट म्हण, तिच्याकडे बघून म्हण. तो जमिनीकडे बघत "सॉली" म्हणतो की झालं, फाइल बंद, जा खेळा. ज्याचं दुखलंय त्याला कोणी विचारतच नाही. ताईशी यावरून माझं भांडण झालंय, तिचं म्हणणं तुला पोरं नाहीत, तुला बोलायला काय जातंय. खरं आहे, काहीच जात नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलीने अख्खी दुपार खपून जिगसॉ लावला होता आणि आमच्या थोरल्याने तो उधळला. मुद्दाम. ती हमसून हमसून रडायला लागली. ताईने नेहमीचा कार्यक्रम सुरू केला, त्यानेही लगेच सॉरी म्हटलं, या कामात तो आता तरबेज आहे. पण नंतर तिथेच उभा राहून तिला म्हणाला,

"आता बरं वाटलं?"

ती म्हणाली, "नाही."

"मग?"

ताईने माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. त्या पोरीने नाक पुसलं आणि म्हणाली, "परत लावून दे." बसला लावत. चार-पाच तुकडे जेमतेम लावले, दोन उलटे, मग कंटाळून उठला. उरलेलं तिनेच लावलं आणि वर त्याला ऐकवलं की तुला काही येत नाही.