लुगड्याचा कडता

"सिस्टर, लुगड्याचा कडता धरता का नाई?"

वजनकाट्यावर पाय ठेवायच्या आधी काकूंनी विचारलं. मी फाइल बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. साठीच्या असतील. डोक्याला पदर गच्च बांधलेला, कारण केमोच्या पहिल्या सायकलनंतर, म्हणजे कॅन्सरच्या औषधाच्या पहिल्या फेरीनंतर, केस गेले होते. हातांच्या बोटांवर बोंडांच्या काट्यांचे जुने ओरखडे. घाटंजीकडच्या एका खेड्यातून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या, सोबत मुलगा.

मी यवतमाळ जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आमच्याकडे केमोचे पेशंट दिवसभरासाठी येतात, सलाईन संपलं की संध्याकाळच्या गाडीनं घरी. डॉक्टर डोस लिहितात, पण तो ज्या दोन आकड्यांवर उभा असतो ते आकडे माझ्या हातून जातात. उंची आणि वजन. म्हणून आज त्यावरच लिहिते आहे.

कडता म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, बाया आपापली गाठोडी आणतात आणि ज्या धोतरात कापूस बांधला त्याचं वजन वजा होतं. मजुरी किलोवर असते, त्यामुळे काट्याकडे बघायची नजर या बायांना असते तशी मी फार कमी लोकांत पाहिली आहे. काकूंनी तीस वर्षं तो काटा पाहिला होता.

"नऊवारी हाय, किलोभर तं असनच," त्या म्हणाल्या. "अन् कमरेला बटवा हाय, त्यात किल्ल्या."

मी त्यांना दवाखान्याचा गाऊन दिला, चपला काढायला लावल्या. काटा ४२ वर थांबला. लुगडं बाळांच्या काट्यावर ठेवून पाहिलं, तर ८५० ग्रॅम भरलं.

आता फाइल. पहिली सायकल शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात झाली होती. फाइलवर वजन ४८, उंची १५८. सहा किलो तीन आठवड्यांत उतरले असतील? तोंड आलं होतं, जेवण जात नव्हतं, काही उतरलेच असतील. पण उंची तर उतरत नाही. मी मुलाला विचारलं, तिथं उंची मोजली होती का? तो म्हणाला, "नाई मॅडम, त्यायनं इचारली. मी पाच-दोन सांगतली."

काकूंना भिंतीशी उभं केलं. टाचा, ढुंगण, खांदे, डोक्याची मागची बाजू भिंतीला लागलेली, नजर समोर. डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलनं खूण केली. १४७. खात्री करायला दुसऱ्यांदा मोजली. १४७च.

अकरा सेंटीमीटर आणि सहा किलो. कागदावर हे किरकोळ वाटतं, पण हिशेब करून पाहा. केमोची बहुतेक औषधं किलोवर देत नाहीत, अंगाच्या पृष्ठभागावर देतात, म्हणजे कातड्याचा पसारा किती चौरस मीटर आहे त्यावर. तो काढायची सर्वांत सोपी रीत मोस्टेलर यांनी १९८७ साली मांडली: सेंटीमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर होतं. फाइलवरच्या आकड्यांनी काकू १.४५ चौरस मीटर होत्या. माझ्या मोजणीनं १.३१.

त्यांना लाल औषध होतं, डॉक्सोरुबिसिन. चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम. म्हणजे एका आकड्यानं ८७ मिलिग्रॅम, दुसऱ्यानं ७८.६. आमच्याकडचं औषध मिलिलिटरला २ मिलिग्रॅम असतं. फरक सिरिंजमध्ये डोळ्यांनी दिसतो, चार मिलिलिटरहून थोडा जास्त, गडद लाल. सोबतचं दुसरं औषध, सायक्लोफॉस्फामाइड, चौरस मीटरला ६०० मिलिग्रॅम, तिथंही ८४ मिलिग्रॅमचा फरक. या लाल औषधाचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून आयुष्यभरात एकूण किती द्यायचं याची मर्यादा असते, आणि ती बेरीजही चौरस मीटरवरच चालते. सुरुवातीचा आकडा चुकला की चूक प्रत्येक सायकलला पुढं जाते.

पहिल्या वेळी तोंड आलं ते जास्त डोसमुळे, असं मी म्हणणार नाही. बरोबर डोसनंही तोंड येतं. पण दोन आकडे न मोजता लिहिले गेले याचा मला राग आला आणि अजून आहे.

माणसाच्या कातड्याचा पसारा मोजायला लोकांनी किती कष्ट घेतले, ते वाचल्यावर तर हा राग वाढतो. १९१६ साली अमेरिकेत द्यू ब्वा आडनावाच्या दोघांनी, डेलाफील्ड आणि युजीन, माणसांच्या अंगावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून साचा केला, तो कापून सपाट पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ काढलं. माणसं होती नऊ. त्यावरून त्यांनी जे सूत्र बांधलं ते आजही वापरात आहे. मी काकूंचे आकडे त्यातही घालून पाहिले, १.३१च आलं. पुढं १९५८ साली डोनाल्ड पिंकेल यांनी दाखवलं की उंदरापासून लहान मुलं आणि मोठ्या माणसांपर्यंत कॅन्सरच्या औषधांचे डोस चौरस मीटरवर मांडले तर एकमेकांच्या जवळ येतात. तिथून केमोला ही रीत लागली. सगळ्याच औषधांना ती नाही. कार्बोप्लॅटिनला किडनी किती काम करते ते बघतात. ही रीत अगदी बिनचूक आहे असंही कुणी म्हणत नाही. पण सूत्र अंदाजाचं आहे म्हणून त्यात घालायचे आकडेही अंदाजाचे चालतील, हे मला मुळीच पटत नाही.

लुगड्यानं किती फरक पडला असता? १.३१ चं १.३२ झालं असतं, एवढाच. वर्गमूळ असल्यामुळे किलोभराची चूक निम्मी होऊन पोचते. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणून काय कडता सोडाचा?"

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्वतः पुन्हा पट्टी धरली, जुना आकडा एका रेघेनं खोडला, शेजारी १.३१ लिहून सही आणि तारीख घातली. औषध त्यावरून बनलं. त्या दिवशी पहिली बाटली लागायला तासभर उशीर झाला आणि मुलगा सारखा एसटीचं घड्याळ बघत होता. त्याची चूक काहीच नव्हती, त्याला विचारलं तेवढं त्यानं सांगितलं.

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी मी सोडत नाही. सकाळी काटा रिकामा असताना शून्यावर आहे का पाहते. आठवड्यातून एकदा रिकामी बादली ठेवून, मग त्यात दहा लिटर पाणी मोजून ओतून पाहते. फरक दहा किलोच यायला हवा. कंबरेत वाकलेल्या म्हाताऱ्यांना भिंतीशी सरळ करायचा हट्ट धरत नाही, दोन्ही हात पसरून बोटापासून बोटापर्यंत माप घेते, ते साधारण उंचीएवढं भरतं. पायांवर सूज असेल, पोटात पाणी असेल तर वजनाशेजारी तसं लिहिते, कारण ते किलो पाण्याचे असतात. आणि मागच्या वेळचं वजन बघून आजचं लिहायचं नाही. वजन दहा टक्क्यांच्या आसपास हललं की डोसचा हिशेब पुन्हा व्हायलाच हवा.

तिसऱ्या सायकलला काकू आल्या तेव्हा मी दुसऱ्या पेशंटची सुई लावत होते. वळून पाहिलं तर त्या गाऊन घालून काट्याजवळ उभ्या होत्या. लुगडं घडी करून खुर्चीवर ठेवलेलं, त्यावर बटवा.

"४२.६," मी म्हणाले.

"वाढली ना?" त्या म्हणाल्या. "आता भाकर जाऊन राह्यली."