फुंकायची टेस्ट: मकरपुऱ्याच्या फेटलिंगवाल्याचा अनुभव

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव लोखंडी भागांवरची वाळू आणि जादा धातू घासून काढायच्या कामाला, असल्यामुळे दर वर्षी पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणारी आमची फुंकायची टेस्ट, करावी लागते. ती दोन तऱ्हांनी झालेली आहे. एकदा कॅम्पमध्ये: नाकाला चिमटा नाही, पायात बूट तसेच, एकच फुंकर आणि दोन मिनिटांत ‘नॉर्मल’चा कागद. दुसऱ्यांदा छातीच्या दवाखान्यात, तिला पाऊण तास लागला. त्या दुसरीबद्दल लिहितो.

दोन तास आधीपासून भरपेट जेवायचं नाही, तासभर आधी बिडी-सिगारेट नाही, कमरेचा पट्टा सैल. दम्याचा पंप (इनहेलर) घेत असाल तर तो किती तास बंद ठेवायचा हे डॉक्टरांनाच विचारा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा, कारण जोरात फुंकताना आतला दाब वाढतो. उंची बूट काढूनच मोजून घ्या. ‘तुमचं इतकं यायला हवं’ हा आकडा उंची, वय आणि स्त्री-पुरुष यांवरून निघतो. बुटांसकट उंची धरली की अपेक्षा वाढते आणि त्या अपेक्षेच्या तुलनेतला तुमचा टक्का उगाच कमी दिसतो.

ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकलेले. माउथपीस दातांमध्ये, जीभ खाली, ओठ गच्च. छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यायचा आणि रेंगाळायचं नाही, एका दमात धाडकन सोडायचा. टेक्निशियनबाई शेजारून गुजरातीत ओरडत असतात, “जोरथी! हजी, हजी, हजी...” म्हणजे ‘जोरात! अजून, अजून, अजून...’ खरी परीक्षा त्या ‘हजी’ची. तिसऱ्या सेकंदाला वाटतं की आत काही उरलंच नाही, पण स्क्रीनवरची रेघ अजून वर चढतच असते. ती सपाट होईपर्यंत, निदान सहा सेकंद, फुंकत राहायचं.

माझी पहिली फुंकर खोकल्याने वाया गेली, दुसरी ओठाच्या कोपऱ्यातून निसटली. तीन फुंकरी चांगल्या लागतात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत हव्यात. आठाच्या वर सहसा करून घेत नाहीत, माणूस थकतो. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचे चार पफ, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, स्पेसरमधून (पंपाला लावायच्या नळकांड्यातून) देतात, १५ मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा भागिले एकूण हवा, हे गुणोत्तर औषधानंतरही ०.७० च्या खाली असेल तर श्वासनळ्या अरुंद झाल्यात असं धरतात.

पण टेस्ट चांगली आली म्हणजे फुप्फुस स्वच्छ, असं समजू नका. शिफ्ट संपल्यावर रुमालावर काळा शेंबूड येतो आणि माणसाला वाटतं, निघाली सगळी धूळ. ती जाडी धूळ, नाकानेच अडवलेली. ग्राइंडरखाली कास्टिंगला (ओतीव भागाला) चिकटलेली वाळू फुटते तेव्हा त्यातले चार-पाच मायक्रॉनच्या आतले कण डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि तेच थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, जातात. वरच्या नळ्यांत कफ वर ढकलणारे बारीक केस असतात, वायुकोशांत ते नाहीत. तिथे कण गिळणाऱ्या पेशी असतात. पण सिलिका, म्हणजे त्या वाळूचा कण, गिळलेली पेशी स्वतःच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते, आणि प्रत्येक वेळी सूज येऊन हळूहळू व्रण तयार होतो. सुरुवातीला हे फुंकरीत दिसत नाही, म्हणून छातीचा एक्स-रे वेगळा काढावाच लागतो. या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो असलेल्याला टीबीही लवकर धरतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या. शिफ्टनंतर कामगारांना वाटतात तो गूळ घशाला बरा वाटतो, पण जातो पोटात. फुप्फुसातली धूळ त्याने निघत नाही.

रिपोर्ट घेताना आलेख असलेलं पान मागा आणि लिटरमधले आकडे वहीत उतरवून ठेवा. वयामुळे पहिल्या सेकंदाचा आकडा वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर उतरतोच. समजा तो पाच वर्षांत ३.२० वरून २.७० लिटरवर आला, तर ही घसरण तिपटीहून जास्त आहे. तरी टक्का ८० च्या वर राहू शकतो आणि कागदावर ‘नॉर्मल’च छापून येतं. अशा वेळी जुनी पानं डॉक्टरांसमोर एकाशेजारी एक मांडायची. सिलिकोसिस कायद्याने सरकारला कळवण्याचा आजार आहे, आणि निदान झालं तर ते कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे.