स्वीकृतीनंतरचे सात आठवडे

निबंध स्वीकारल्याचे पत्र आले तेव्हा आता मुद्रिते तपासण्यापुरतेच काम उरले, अशी माझी समजूत झाली होती. ती समजूत पुढचे सात आठवडे मला भोवली. ज्या नियतकालिकाकडे मी निबंध पाठवला होता ते आमच्या विषयातल्या अभ्यासकांच्या ना-नफा संस्थेच्या मालकीचे आहे, आणि मी ते मुद्दाम निवडले होते. विद्यार्थिदशेत अशाच एका संस्थेने दिलेल्या प्रवासखर्चामुळे मी माझ्या आयुष्यातल्या पहिल्या परिषदेला जाऊ शकले. नियतकालिकाच्या मिळकतीतून उरलेला पैसा भागधारकांना न जाता परिषदा, शिष्यवृत्त्या आणि नवोदितांच्या मदतीकडे वळतो, हे मला तेव्हा कळले होते.

समीक्षेबद्दल तक्रार करण्यासारखे काहीही नाही. दोन समीक्षकांपैकी एकाने तिसऱ्या तक्त्यातील टक्केवारी वेगवेगळ्या छेदांवर काढली असल्याचे दाखवून दिले, आणि ती चूक छापली गेली असती तर मला तोंड लपवावे लागले असते. असे बारकाईने वाचणारे लोक संस्थेच्या सभासदांतूनच मिळतात आणि ते विनामोबदला वाचतात.

स्वीकृतीनंतर मात्र निबंध संस्थेच्या संपादकांच्या हातून निघून एका मोठ्या व्यावसायिक प्रकाशन कंपनीच्या पोर्टलवर गेला. मालकी आणि संपादन संस्थेचे, तर छपाई, विक्री आणि वसुली कंपनीची, अशी ही व्यवस्था होती. तेथे पहिल्याच पडद्यावर परवाना, म्हणजे निबंध वाचकांना कोणत्या अटींवर द्यायचा ते, निवडायचे होते. माझ्या संशोधनाला निधी देणाऱ्यांची अट अशी, की निबंध प्रसिद्ध होताच सर्वांना विनामूल्य वाचता यावा. कंपनीचा आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी करार असल्याने त्यासाठीचे शुल्क मला भरावे लागणार नव्हते. तरीही पडद्यावर वाक्य उमटले, की माझे विद्यापीठ कोणत्याही करारात समाविष्ट नाही. त्याखाली भली मोठी रक्कम आणि ‘पुढे जा’ हे एकच बटण. ते दाबल्याशिवाय निबंध जुळणीला जात नव्हता, आणि दाबले तर बिल माझ्या नावावर निघणार होते.

मी कंपनीच्या मदतकक्षाला लिहिले. उत्तर आले, की शुल्कमाफीचा निर्णय संस्थेचा असतो. मी माफी मागितलीच नव्हती. तरी संस्थेला लिहिले. संपादकांनी अतिशय सौजन्याने कळवले, की करार कंपनी आणि ग्रंथालये यांच्यातला असल्याने त्यांना त्यात हस्तक्षेप करता येत नाही. ग्रंथपाल म्हणाले, मंजुरीसाठी येणाऱ्या यादीत तुमचा निबंध आलेलाच नाही, मग मंजूर काय करू? तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि त्यामुळेच माझा संताप अधिक वाढत होता. दर वेळी मदतकक्षातून नवी व्यक्ती उत्तर देई आणि मी सारी हकिकत पहिल्यापासून सांगे. (पहिल्या पत्राला मिळालेला तक्रार क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्राच्या विषयातच लिहावा, हे मला चौथ्या आठवड्यात सुचले.)

या टोलवाटोलवीत संस्थांवर सगळा राग काढणे सोपे होते, पण ते न्याय्य ठरले नसते. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सचिवांनी, हेन्री ओल्डनबर्ग यांनी, १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले ते स्वतःच्या जबाबदारीवर; सोसायटीने त्याचा भार अधिकृतपणे उचलला तो १७५२ मध्ये. म्हणजे नियतकालिक चालवणे हा अभ्यासकांच्या संस्थांना तेव्हाही आतबट्ट्याचाच व्यवहार होता. आज अमेरिकन फिजिकल सोसायटीसारखी मोठी संस्था आपली नियतकालिके स्वतः प्रसिद्ध करू शकते. एखाद-दुसरेच नियतकालिक असलेल्या छोट्या संस्थेला पोर्टल, डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) नोंदणी, दीर्घकालीन जतन आणि ग्रंथालयांशी वाटाघाटी हे सगळे पेलत नाही. कंपनी ते करते आणि वर ठरावीक वार्षिक रक्कमही देते. त्या रकमेतूनच कोणाचा तरी प्रवासखर्च निघतो. फक्त, त्याबरोबर लेखकासमोरची खिडकीही कंपनीची होते, आणि तिच्याआड संस्थेचे कोणी बसलेले नसते.

गाठ सुटली ती सहाव्या आठवड्यात, संस्थेच्या संपादकीय कार्यालयातल्या एका साहाय्यिकेमुळे. तिने माझा मूळ अर्ज उघडून पाहिला आणि विचारले, की तुमच्या विद्यापीठाचे नाव यादीत दोनदा आहे, तुम्ही कोणते निवडले होते? निबंध पाठवताना मी पहिली तीन अक्षरे टंकित करून समोर आलेले पहिले नाव घेतले होते. ती एक जुनी नोंद होती आणि कराराशी जोडलेली दुसरी. निबंध करारात बसतो की नाही हे पोर्टलची यंत्रणा आपोआप ठरवते, तेही संपर्क-लेखकाच्या, म्हणजे नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या, या एका नोंदीवरून. स्वीकृतीनंतर ती नोंद लेखकाला बदलता येत नाही, कंपनीच्या मदतकक्षालाही दिसत नाही. साहाय्यिकेने निबंध तांत्रिकदृष्ट्या मागे घेऊन, नोंद दुरुस्त करून त्याच दुपारी पुन्हा पुढे पाठवला. दोन दिवसांनी ग्रंथपालांच्या यादीत तो दिसला आणि सातव्या आठवड्यात मंजूर झाला.

त्यामुळे नाव निवडताना यादी शेवटपर्यंत पाहावी, शक्यतो विद्यापीठाचाच ईमेल पत्ता द्यावा आणि सहलेखकांपैकी संपर्क-लेखक कोण होणार हे कराराचा विचार करून आधीच ठरवावे. निबंध पाठवण्यापूर्वी नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरील संस्थेच्या नावावर न थांबता, आतल्या पानावर ‘संस्थेच्या वतीने प्रकाशित’ असे लिहून पुढे कोणाचे नाव आहे ते वाचावे. शुल्काचा प्रश्न त्या दुसऱ्या नावाला आणि आशयाचा पहिल्याला विचारायचा असतो. ‘ॲन्युअल रिव्ह्यूज’ या ना-नफा प्रकाशनाने ग्रंथालयांच्या वर्गणीवरच अंक सर्वांना खुले करण्याची पद्धत स्वीकारली आहे. तेथे लेखकाला शुल्कच नसल्याने अशी खिडकीही लागत नाही, आणि त्या सात आठवड्यांत मला या पद्धतीचा हेवा वाटत राहिला.

मुद्रिते आली तेव्हा मी तिसरा तक्ता नंतर पाहिला. आधी माझ्या नावाखालची ओळ वाचली. तेथे विद्यापीठाची जुनीच नोंद छापलेली होती.